डाव्या पायावर भार नको

यंदाही डिसेंबर लागला आणि मैदानावरच्या मुली वाढल्या. पोलीस भरतीची जाहिरात येणार, आली, पुढे गेली, अशा बातम्या रोज फिरतात, आणि प्रत्येक बातमीमागे दोन-तीन नव्या मुली येतात. पहाटे साडेपाचला येरवड्यातल्या आमच्या मैदानावर धुकं गुडघ्याएवढं असतं. पळणाऱ्यांचे पाय दिसत नाहीत, नुसता मातीवरच्या बुटांचा आवाज येतो. मी शिट्टी गळ्यात अडकवून कडेला उभी राहते आणि सगळ्यात आधी डाव्या पायावर थोडा भार देऊन बघते. मग थोडा जास्त. कुणाच्या लक्षातही येत नाही. तीन हिवाळे झाले, हाड केव्हाच भरून आलंय, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलंय. तरी थंडी पडली की माझं मन त्या खुब्याशी जाऊन कान लावून बसतं. दुखतंय का? नाही. आता? नाही. मग हे काय होतं? काही नाही, बूट चावला.

मी शाळेत खेळाची शिक्षिका. शाळा भरायच्या आधी या मैदानावर भरतीच्या मुलींना तयार करते. मी स्वतः वाशीमहून पुण्याला आले ती याच भरतीसाठी. दोनदा थोडक्यात हुकले. मग लग्न झालं, नोकरी लागली. पण पळणं सुटलं नाही. मला बसून राहता येत नाही. चहासुद्धा मी उभ्यानेच पिते. संदेश, माझा नवरा, लग्नाच्या पहिल्या महिन्यात म्हणाला होता, "शीतल, तू बसलीस की मला वाटतं कुणी पाहुणे आलेत."

तीन वर्षांपूर्वी, अशाच डिसेंबरात, मला सातवा महिना होता. तब्येत उत्तम. बाईंनी, म्हणजे माझ्या डॉक्टरबाईंनी, चालायला सांगितलं होतं आणि मी चालत होते. खरं सांगायचं तर चालण्याहून थोडं जास्तच. मुली आठशे मीटर पळायच्या, तेव्हा शेवटच्या वळणावर मी त्यांच्या बाजूने पन्नासेक पावलं झपाझप जायची, ओरडत, "हात, हात हलवा, मान खाली नको!" एका सकाळी असंच ओरडता ओरडता डाव्या जांघेत काहीतरी चमकलं. कुणी आतून चिमटा काढावा तसं. मी थांबले, पाय झटकला, पुन्हा चालू लागले.

आठवड्याभरात तो चिमटा राहायलाच आला. उठताना, जिना उतरताना, कुशीवर वळताना. सलवारीत पाय घालायचा तर भिंत धरावी लागे. पंधरा दिवसांत मी लंगडू लागले. मैदानावरून घर चार मिनिटांचं. मला पंधरा लागायला लागली, आणि वाटेत मी फोन आल्याचं नाटक करून थांबायची, कारण नुसतं उभं राहिलेलं कुणी पाहिलं तर विचारणार.

विचारलं की उत्तर सगळ्यांकडे तयार असे. सासूबाई, त्यांनाही मी आईच म्हणते, वाशीमकडच्याच. त्या म्हणाल्या, "पोट वाढलं का खुबे दुखतातच वं. मले तिन्ही खेपेले दुखले." शाळेतल्या बाई म्हणाल्या, तेल लाव. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि समजावलं की या दिवसांत सांधे सैल होतात, कॅल्शियम चुकवू नकोस, विश्रांती घे. संदेश चाकणच्या कारखान्यातून दमून यायचा. तो म्हणाला, "आमच्या सुपरवायझरच्या मिसेसलाही होतं म्हणे. होऊन जातं." सगळे प्रेमानेच बोलत होते. आणि सगळ्यांचं बरोबर असणार असं मलाही वाटत होतं, कारण बायकांना या दिवसांत दुखतं, हे खरंच आहे. पण माझं दुखणं त्यांच्या दुखण्यासारखं नाही, हे कसं सांगायचं? दुखणं हातावर काढून दाखवता येत नाही.

तेव्हा मला मनीषा आठवू लागली. नको असताना.

मनीषा आदल्या वर्षीच्या तुकडीतली. नांदेडकडची, येरवड्यात मामाकडे राहायची. सकाळी मैदान, मग दिवसभर सदाशिव पेठेतली अभ्यासिका, असा तिचा दिनक्रम. पायाने काटक, बोलायला कमी. भरतीच्या महिनाभर आधी ती म्हणू लागली, "मॅडम, पायाची नळी दुखतेय." मी बर्फ लावायला सांगितलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. चौथ्यांदा म्हणाली तेव्हा बाकीच्या मुली ऐकत होत्या, आणि मी मोठ्याने म्हणाले, "मैदानी चाचणी जवळ आली की सगळ्यांचंच दुखायला लागतं. नाटकं नकोत. पळ." ती पळाली. दोन फेऱ्या पळाली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मी वहीतल्या तिच्या नावापुढे रेघ मारली आणि विसरले.

आता जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरताना तिचा तो चेहरा दिसायचा. दोन फेऱ्या पळतानाचा. तो मी तेव्हा पाहिला होता, हे विशेष. पाहिला होता, आणि घड्याळाकडे बघितलं होतं.

जानेवारीच्या मध्याला एका सकाळी पलंगावरून उठले आणि डावा पाय टेकला गेलाच नाही. पाय होता, जमीन होती, मधे नुसती कळ होती. माझ्या तोंडून आवाज निघाला आणि संदेश अंघोळ अर्धी टाकून धावत आला. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला चालताना पाहिलं, चार पावलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे नेहमीचं नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकून मला रडू आलं, आणि ते घाबरून आलेलं रडू नव्हतं. कुणीतरी खरं मानलं म्हणून आलेलं होतं.

त्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सदाशिव पेठेत, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दवाखाना. दारावर चपलांविषयी एक पाटी, मोबाइलविषयी दुसरी, आणि 'आधीच्या डॉक्टरांची निंदा करू नये' अशी तिसरी. डॉक्टर वयस्कर, बारीक, चष्म्यावरून बघणारे.

"काय करता आपण?"

"खेळाची शिक्षिका आहे. मुलींना पळायला शिकवते."

"आणि स्वतः?"

"आता नुसती चालत होते. म्हणजे, थोडं पळत होते."

"सातव्या महिन्यात. छान. कुठवर पोचलात?"

पण त्यांचे हात हलके होते. माझा पाय त्यांनी जेमतेम आत वळवला आणि मी टेबलाची कड पकडली. ते लगेच थांबले. एक्स-रे टाळू, म्हणाले, एमआरआय करू, त्याने बाळाला काही होत नाही. त्या यंत्राच्या नळीत मी पाऊण तास निश्चल पडून होते. आयुष्यात इतकी निश्चल कधी नव्हते. यंत्र ठोकत होतं, घणघणत होतं, आणि पोटात बाळ त्या आवाजाला लाथा मारत होतं. हलू नका असं मला सांगितलं होतं. बाळाला कोण सांगणार?

चित्रं उजेडाच्या पाटीवर लावून डॉक्टरांनी पेनने दाखवलं. उजवा खुबा गडद, रेखीव. डावा फिकट, ओल धरलेल्या भिंतीसारखा. "गर्भारपणात क्वचित कुणाला असं होतं," ते म्हणाले. "खुब्याचं हाड तात्पुरतं विरळ होतं. तात्पुरतं हा शब्द लक्षात ठेवा. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ते आपलं आपण भरून येतं. औषध म्हणाल तर मुख्य एकच. या पायावर भार नको."

"किती दिवस?"

"दिवसांत नका मोजू."

"आणि दिला तर?"

त्यांनी चष्मा काढला. "तर मोडू शकतं. मग शस्त्रक्रिया, आणि पोटात बाळ. हे मला नको आहे, आपल्यालाही नको असेल."

परत रिक्षाने निघालो. वाटेतल्या एका सिग्नलला खूप वेळ लागला. आजूबाजूला माणसं धावत होती, बस पकडायला, रस्ता ओलांडायला, कुणी उगीचच. एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दुभाजकावरून उडी मारून गेली. मी तिच्या खुब्याकडे बघत होते.

घरी वॉकर आला. चार पायांचा, ॲल्युमिनियमचा. संदेशने खाली विटा रचून पलंग उंच केला, न्हाणीघरात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, उंबऱ्यावर फळी टाकली. रविवारचा अख्खा दिवस तो हातोडी घेऊन फिरत होता. संध्याकाळी माझ्या शेजारी बसून म्हणाला, "मी होऊन जातं म्हणालो होतो."

"सगळेच म्हणाले."

"मी सगळ्यांतला नाही ना."

दिवस लांबत गेले. आमच्या खिडकीतून मैदानाचं एकच वळण दिसतं. बाकी मैदान शेजारच्या इमारतीआड. मुली माझ्याशिवायही पळत होत्या, आपल्या आपण वेळ लावून. मी सकाळी खिडकीशी बसायची. त्या वळणावर दिसायच्या, सातआठ सेकंद, आणि नाहीशा व्हायच्या. मग मी मनात मोजत राहायची: आता सरळ रेषा, आता दुसरं वळण, आता दमल्या असतील. पुन्हा दिसल्या की क्रम बदललेला असायचा. आड काय झालं, कोण मागे पडली, का, ते कळायचं नाही. माझा उजवा पाय पलंगाखाली आपला आपण हलत राहायचा. आई म्हणायच्या, "पाय हालवू नोको, घरात भांडण होते." भांडण कुणाशी करणार? मी सगळ्यांशीच करत होते. चहा गार आहे, पंखा जोरात आहे, उशी कोण नीट लावणार.

एका दुपारी आई भाजी निवडता निवडता सहज बोलल्या, "लेकराले हाड लागते नं. आईच्या अंगातलंच ओढून घेते थे." त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं आणि तिथेच राहिलं. त्या आठवड्यात एकदा, घरात कुणी नसताना, मी पोटावर हात ठेवून म्हणाले, "बस झालं आता. किती घेशील?" आतून काहीच हललं नाही. तासभर हललं नाही. तो तास मी कुणाला सांगितला नव्हता. मी साखरपाणी प्यायले, कूस बदलली, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत राहिले. शेवटी एक लाथ बसली, चांगली जोरात, तेव्हा मी हुंदके देऊन रडले.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलंच. "बाळामुळे होतं का हे?"

"बाळावर ढकलू नका," ते म्हणाले. "का होतं ते आम्हाला नीट ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हटलेलं पेशंटना आवडत नाही. पण नाही ठाऊक." मग चष्मा पुसत, "हाड म्हणजे दगड नव्हे हो. ते रोज थोडं झिजतं, रोज थोडं बांधलं जातं. आपल्याकडे बांधकाम थोडं मागे पडलंय, इतकंच."

फेब्रुवारीत मी मनीषाला फोन केला. नंबर वहीत होता, रेघेखाली. तिने उचलला आणि आवाज लगेच ओळखला.

"मनीषा, तुझी नळी... काय झालं होतं?"

"चीर गेली होती, मॅडम. बारीक. दोन महिने प्लास्टर होतं."

"म्हणजे भरती?"

"हुकली ना."

मला माझ्या पायाची सगळी हकीकत सांगायची होती. मी तयारीही केली होती, कुठून सुरुवात करायची त्याची. पण ती सांगितली असती तर ती मला बिचारी म्हणाली असती, आणि मला ते चाललं असतं, म्हणूनच सांगितली नाही. म्हणाले, "तू खरं सांगत होतीस."

"हो," ती म्हणाली.

"माझं चुकलं."

पलीकडे अभ्यासिकेतल्या पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मला माहीत होतं दुखतंय ते. तुम्हाला माहीत नव्हतं. पण विचारायला हवं होतं, मॅडम." मी म्हणाले, हो. तिने तब्येतीची चौकशी केली, मी बरी आहे म्हणाले, फोन ठेवला. ती माझ्याकडे परत आली नाही. कुणी म्हणतं वनरक्षक झाली, कुणी म्हणतं लग्न झालं. मी पुन्हा फोन केलेला नाही. एकदा माफी मागितल्यावर वारंवार फोन करणं म्हणजे समोरच्याकडून पावती मागण्यासारखं वाटतं.

मार्चच्या सुरुवातीला दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलून सिझेरियन ठरवलं. मुलगी झाली. मैत्री नाव ठेवलं. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मी आधी तिच्या मांड्या चाचपल्या. नर्स हसली. तिला काय माहीत मी काय शोधत होते.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. बाळ झालं की दुखणं संपेल असं मी कुठेतरी धरून चालले होते. तसं झालं नाही. वॉकरला दोन हात लागतात. बाळालाही दोन हात लागतात. मी तिला पलंगावर बसून घेऊ शकत होते, पाजू शकत होते, पण तिला घेऊन एक पाऊल चालू शकत नव्हते. ती रडली की कुणीतरी तिला उचलून माझ्याकडे आणायचं, आणि झोपली की कुणीतरी न्यायचं. शेजारणी तिला खांद्यावर टाकून घरभर फिरायच्या, ती शांत व्हायची. चालण्याने शांत होणारी पोर होती ती. माझीच. आणि चालणं तेवढं मला देता येत नव्हतं.

एप्रिलमधली एक दुपार. आई वर गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. मैत्री पलीकडच्या खोलीत पाळण्यात. ती जागी झाली, कुरकुरली, मग रडू लागली, आणि रडणं चढत गेलं. मी हाक मारली, गच्चीपर्यंत पोचली नाही. वॉकर घेऊन तिच्यापाशी गेले. पाळणा हलवला, बोलले, गाणं म्हटलं. तोंड लालभडक, श्वास अडकल्यासारखा. मी वॉकर बाजूला सारला आणि तिला उचललं.

ती गप्प झाली. लगेच. मी एक पाऊल टाकलं, उजवं. मग डावं. आत काहीतरी कचकन चावलं. माझ्या मनात फक्त एकच वाक्य होतं, मोडू शकतं, मोडू शकतं. तिच्यासकट पडले असते. मी भिंतीला पाठ लावली आणि सगळा भार उजव्या पायावर घेत घसरत घसरत खाली बसले. फरशीवर. वॉकर चार हातांवर उभा. मला उठता येणार नव्हतं. मैत्री माझ्या मांडीत पडून पंख्याकडे बघत होती, जसं काही झालंच नाही.

आई रिकामी बादली घेऊन आल्या आणि दारात थांबल्या. वॉकर बघितला, मला बघितलं.

"पडली का बसली?"

"बसले."

"मंग ठीक हाय." बादली ठेवून त्या माझ्या शेजारी फरशीवर बसल्या, पाय लांब करून. मी ओरडा खायच्या तयारीत होते. त्यांनी मैत्रीपुढे बोट धरलं. मग म्हणाल्या, "तुले दुखते म्हणे तवा मी आपलंच सांगत बसली. मले दुखलं, मले दुखलं. तुले काय होते थे इचारलंच नाही." मैत्रीने त्यांचं बोट धरलं होतं. "संदेश आला का उठवू तुले. तोवर बसू इथंच."

आम्ही तिघी दीड तास तिथे बसलो होतो. माझा पाय तेव्हा हलत नव्हता, हे मला नंतर आठवलं.

हाड मोडलं नव्हतं. मे महिन्यात पुन्हा एमआरआय झाला, आणि डावा खुबा जवळजवळ उजव्यासारखा गडद दिसू लागला. मग व्यायाम शिकवणाऱ्या ताई घरी आल्या. त्यांनी वजनकाटा जमिनीवर ठेवला आणि त्यावर मला डावा पाय दाबायला सांगितलं. आज फक्त दहा किलो, काटा त्याच्या पुढे गेला नाही पाहिजे. चार दिवसांनी पंधरा. मग वीस. सगळं आयुष्य मी मुलींना जोर लाव, आणखी जोर लाव म्हणून सांगितलं होतं, आणि आता पंधरावर थांबायला शिकत होते. थांबणं पळण्याहून अवघड निघालं. काटा सतरावर जायचा आणि ताई म्हणायच्या, "घाई कुठली आहे?" घाई सगळीच होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत वॉकरशिवाय चालायला लावलं. दारापर्यंत आणि परत. ते चष्म्यावरून बघत राहिले. "चाला आता," म्हणाले. "पळण्याचं मी सांगेन तेव्हा. त्याआधी पळालात तर इथे येऊ नका."

"बाळाला घेऊन चालू?"

"मग काय तिला चालायला लावणार आहात?"

त्या संध्याकाळी उन्हाचा ताव उतरल्यावर मी मैत्रीला घेतलं. आई म्हणाल्या, घरातल्या घरात चाल. मी जिना उतरले, एक हात कठड्यावर, एका हातात ती. खाली आले. गल्लीच्या तोंडापर्यंत जाईन, असं ठरवलं होतं. तोंड आलं आणि मी वळले नाही. मोठ्या रस्त्याला लागले, तुरुंगाच्या लांबलचक भिंतीच्या कडेने. झाडांची गळलेली फुलं पायाखाली येत होती. डावं, उजवं, डावं. दुखत नव्हतं. प्रत्येक डाव्या पावलाला मी वाट बघायची आणि दुखायचं नाही. मैत्री माझ्या खांद्यावर मान टाकून आधी इकडेतिकडे बघत होती, मग जड झाली. झोपली. माझ्या चालण्याने झोपली. आता वळायला हवं, असं मला कळत होतं. भिंत संपली तिथून वळू. मग पुढच्या दुकानापासून. मग पुढच्या झाडापासून.

मागून मोटारसायकलचा आवाज आला आणि हळू झाला. संदेश होता. कामावरून येऊन घरी पोचला असणार, आईंनी पाठवला असणार. हेल्मेट काढून त्याने माझ्याकडे बघितलं, मग पायाकडे.

"बसतेस?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने हेल्मेट आरशाला अडकवलं. गाडी बंद केली, उतरला, आणि हँडल धरून ती ढकलत माझ्या शेजारून चालू लागला.